सातवीतल्या मुलाला वाचायला कोण शिकवणार?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य



२०२५च्या उन्हाळ्यात पहिलीच्या मुलाला तिसरी भाषा शिकवावी की नाही, यावर अवघा महाराष्ट्र भांडला. शासन निर्णय निघाले, मागे घेतले गेले, समिती बसली. भांडण गरजेचे होते, असेच माझे मत आहे. पण ज्यांना पहिली भाषाच धड वाचता येत नाही, अशा सहावी-सातवीतल्या मुलांबद्दल त्या गदारोळात कुणी चकार शब्द काढला नाही. मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. ही मुले रोज माझ्यासमोर बसतात.

ती चटकन ओळखू येत नाहीत. प्रकटवाचनाला उभे केले की एकाचा घसा बसलेला असतो, दुसऱ्याचे पुस्तक घरी राहिलेले असते. तिसरा घडाघडा वाचतो, पण आधीच्या मुलाचे ऐकून त्याला ते पाठ झालेले असते. अशाच एकाला मी बाजूला घेऊन विज्ञानातला उतारा दिला. ‘पाणी’, ‘हवा’, ‘पान’ सरळ गेले. ‘वनस्पती’ हा शब्द तो बोलताना वापरतो, पण छापलेला ‘स्प’ दिसताच त्याची ‘वनसती’ झाली. ‘प्रकाशसंश्लेषण’पाशी त्याने ‘प्रकाश’ म्हटले, माझ्याकडे पाहिले आणि अंदाजाने ‘प्रकाशसंदेश’ ठोकून दिले. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीची सुरुवात हरवलेली. मग मी तोच उतारा तोंडी सांगितला, तर त्याने मलाच विचारले, “सर, मग लाल पानांचं झाड कसं जगतं?” प्रगतिपत्रकात हा मुलगा विज्ञानात कच्चा आहे.

२०२१ साली केंद्राने निपुण भारत अभियान सुरू केले. तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचू लागावे, हे त्याचे उद्दिष्ट. ते योग्यच आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला, की तिसरीनंतर वाचन शिकवणे हे कुणाचेच काम उरले नाही. सहावीपासून विषयशिक्षक येतात. इतिहासाच्या शिक्षकाला इतिहास संपवायचा असतो, विज्ञानाच्या शिक्षिकेला प्रयोगवही तपासायची असते. जोडाक्षर अडले तर ते कसे सोडवून द्यायचे, याचे प्रशिक्षण बी.एड.ला कुणी देत नाही. आम्हा भाषाशिक्षकांनाही नाही. आणि नेमके याच वर्षांत पाठ लांबतात, वाक्ये पसरतात, पानापानावर संस्कृत परिभाषा येते. त्यात बीडकडची मुले आई-बापांबरोबर ऊसतोडीला जाऊन निम्मे वर्ष गमावतात. मेळघाटातल्या कोरकू मुलाची तर घरची भाषाच वेगळी. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे २५ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा प्रादेशिक भाषेत सफाईने वाचता आला नव्हता. आकडा देशभरातल्या निवडक जिल्ह्यांचा आहे. आपल्या वाट्याला त्यातले किती, हे कळायला फार लांब जायला नको. कोणत्याही सातवीच्या वर्गात तासभर बसावे.

२०२३मध्ये आपल्या शासनाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. पुनर्परीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसवण्याची सोय केली. ढकलपास नको, हे लोकांना पटले. पण ज्याला प्रश्नच वाचता येत नाही, तो त्याच वर्गात, त्याच पुस्तकासमोर आणखी एक वर्ष बसून काय मिळवणार?

वाचन प्रेरणा दिन आपण २०१५पासून १५ ऑक्टोबरला साजरा करतो. भिलारला पुस्तकांचे गाव झाले, महावाचन उत्सव झाला. याला माझा विरोध नाही. मात्र या सगळ्यात पुढे असतात ती आधीपासून वाचणारीच मुले. न वाचणारा त्या दिवशी सतरंज्या घालतो, पाहुण्यांना पाणी देतो. उत्साहाने देतो, कारण त्या कामात त्याला कुणी वाचायला लावत नाही.

मागणे मोठे नाही. सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात वाचनाचा रोजचा एक तास अधिकृतपणे घाला. त्या तासाला इयत्तेच्या भिंती काढून मुलांचे गट वाचनाच्या पातळीवर करा. ‘प्रथम’ या संस्थेने हे तिसरी ते पाचवीसाठी वर्षानुवर्षे करून दाखवले आहे. प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाला त्याचे नीट प्रशिक्षण द्या आणि त्या तासाला त्याच्यामागे ऑनलाइन माहिती भरण्याचे झेंगट लावू नका. ज्यांचे अडणे तेवढ्याने सुटणार नाही, त्यांच्यासाठी डिस्लेक्सियाची मराठीतली चाचणी हवी. ती शाळेपर्यंत आणा.

पुस्तकांचा प्रश्न निराळा आहे. सोपी मराठी पुस्तके सशा-कासवांची असतात. बारा वर्षांचा, मिसरूड फुटू लागलेला मुलगा ते पुस्तक मित्रांदेखत हातात धरत नाही. त्याला क्रिकेट हवे, भुताची गोष्ट हवी, ट्रॅक्टरचे इंजिन हवे. फक्त वाक्ये छोटी आणि अक्षर ठसठशीत हवे. बालभारती १९७१पासून ‘किशोर’ काढते आहे. पन्नास वर्षांचा खजिना घरात आहे. त्यातून अशा मुलांसाठी पुस्तिका काढणे बालभारतीला जड नाही.

आणि कपाट. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय बंधनकारक केले. पुस्तके आली, कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागले. मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तक साठा नोंदवहीत चढते. हरवले, फाटले, तर लेखापरीक्षणात त्याचा जाब त्यांना द्यावा लागतो. म्हणून बदलीच्या दिवशी कोरी करकरीत पुस्तके मोजून देणारा मुख्याध्यापक आपल्याकडे चोख ठरतो. शेजारच्या सार्वजनिक वाचनालयाची मदत घ्यावी म्हटले, तर ते उच्च व तंत्रशिक्षण खात्याकडे. एकाच गल्लीतल्या दोन कपाटांचे मंत्री दोन!

तास, प्रशिक्षण, नवी पुस्तके यांना वेळ लागेल, पैसाही लागेल. कुलपाचे तसे नाही. वाचून फाटलेल्या आणि ठरावीक प्रमाणात हरवलेल्या पुस्तकांचे निर्लेखन शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करता येईल आणि त्यापोटी कुणाकडूनही वसुली होणार नाही, एवढे एक परिपत्रक पुरे आहे. तिजोरीतून दमडी जाणार नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी ते काढावे, ही विनंती.

आपला,
एक मराठीचा शिक्षक