वाढीव सेकंदांची काटकसर

गिरगाव, दादर व परळ येथील वाचकांच्या पत्रांतून यंदा एकच तक्रार पुनःपुन्हा वाचावयास मिळते, आणि ती रास्त आहे: जलद स्पर्धांच्या माहितीपत्रकांतून खेळीगणिक मिळणारे वाढीव सेकंद सर्रास गाळले जातात, व मोठ्या नेटाने सावरलेला डाव अखेरीस घड्याळाच्या हवाली होतो.

हत्ती व प्यादे विरुद्ध एकटा हत्ती, अशा शेवटात बचाव करणाऱ्याने फिलिदोरच्या पद्धतीने आपला हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या पट्टीवर राखला, आणि प्यादे त्या पट्टीवर चढताच तो दूर नेऊन मागून शह देण्याचा क्रम धरला, तर बरोबरी ठरलेली. परंतु उरलेल्या वीस सेकंदांत चाळीस खेळ्या करावयाच्या कशा? फ्लॅग पडला की डाव गेला, कारण प्रतिपक्षापाशी मात करण्याजोगे बळ शिल्लक असते. फिडेच्या नियमावलीतील तिसऱ्या मार्गदर्शिकेनुसार, दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेल्या खेळाडूस उभयपक्षी पाच वाढीव सेकंदांची मागणी करता येते. मात्र ही मार्गदर्शिका लागू असल्याचे आयोजकाने आधी जाहीर केलेले असावे लागते. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दाद मागावयाची, त्याच्याच मर्जीवर दाद अवलंबून! पंच पत्रकाकडे बोट दाखवून मोकळे होतात.

सभागृह वेळेत रिकामे करावयाचे असते, ही आयोजकांची सबब साध्या हिशेबापुढे टिकत नाही. 25 मिनिटांऐवजी 15 मिनिटे व खेळीस 10 सेकंद दिल्यास साठ खेळ्यांच्या डावास दोन्ही रीतींत वेळ सारखाच लागतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 साली बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला तो जलद डावांतच, पण तेथे वाढीव सेकंद होते.

खेळाडूही निर्दोष नाहीत. सिसिलियनच्या वीस खेळ्या मुखोद्गत असणाऱ्यांना लुसेनाचा पूल बांधता येत नाही; वजीर पटावरून गेल्यावरही राजा कोपऱ्यात दडून राहतो, आणि मुक्त प्याद्यामागे उभा राहावयाचा हत्ती त्याच्यापुढे अडकून पडतो. ज्या मुंबईत 1814 साली त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचा बुद्धिबळातील बिकट स्थितींचा संग्रह संस्कृतातून इंग्रजीत येऊन छापला गेला, तेथे हे शोभत नाही.

तेव्हा वाचकहो, प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी पत्रकातील वेळेची ओळ वाचा. वाढीव सेकंद नसतील तर तिसरी मार्गदर्शिका तरी लागू आहे काय, असे आयोजकांस लेखी विचारा, आणि त्यांचे उत्तर आमच्याकडे धाडा. आम्ही ते छापू.