वाळूच्या गोण्यांची सफर

आमच्या एका वाचक-भगिनींची तक्रार आहे कीं, गेले दोन महिने हें सदर माजघर सोडून बाहेर पडलें नाहीं. तक्रार रास्त आहे. म्हणून या खेपेस आम्ही वाचकांस पाण्यावर नेत आहों. प्रसंग मात्र घरचाच आहे.

चिखली हें आमचें गांव. देहू आणि आळंदी यांच्यामध्यें इंद्रायणीच्या कांठीं वसलेल्या या गांवास जुनीं माणसें अजून टाळगांव चिखली म्हणतात. आतां मात्र टाळांपेक्षां लेथचा आवाज मोठा झाला आहे. येथील एका शेडमध्यें आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या आजोबांची सागवानी मोटारबोट दोन वर्षें खपून दुरुस्त केली. बोट बावीस फूट लांब. कोंकणांत झांपांच्या छपराखालीं ती कित्येक वर्षें पडून होती. ट्रकवर घालून ती घाटावर आणली, कुजक्या फळ्या बदलल्या, सांध्यांत कापसाची वात ठोकून बसविली, जुन्या डिझेल इंजिनाचे भाग जमविले. यांतले पुष्कळसे भाग कुदळवाडीच्या भंगारवाल्यांकडे मिळाले. २०२५ च्या फेब्रुवारींत महापालिकेनें तेथील अनधिकृत गोदामें पाडलीं. त्यानंतर उरलेल्या दोन वस्तूंसाठीं स्नेह्यांस चार महिने वणवण करावी लागली.

अखेर एका सायंकाळीं इंजिन सुरू झालें. नळीनें पाणी देऊन मिस्त्रींनीं तें तासभर चालविलें. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या, पेढे वांटले गेले, आणि त्याच बैठकींत बेत ठरला. भाऊबीज झाली कीं दोन्ही घरच्या मंडळींनीं राजपुरीच्या खाडींत तीन दिवस आळीपाळीनें, एका वेळीं आठ माणसें, अशी सफर करावयाची. आमच्या वडील वहिनींनीं फराळाच्या डब्यांचा हिशोबही मांडला. "परंतु चाचणी केव्हां?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां स्नेही नवलानें म्हणाले, "अहो, चाचणी झालीच कीं! तासभर चाललें ना?"

येथेंच आमचा मतभेद सुरू झाला. शेडमध्यें चाललेलें इंजिन रिकाम्या अंगानें चाललेलें असतें. पाण्यांत पंख्यास पाणी मागें लोटावें लागतें. तें ओझें अंगावर आलें म्हणजेच इंजिन तापतें कीं नाहीं, काळा धूर टाकतें कीं नाहीं, शाफ्ट सरळ फिरतो कीं थरथरतो, हें कळतें. पहिलवानाची परीक्षा आखाड्यांत होते, आरशापुढें नव्हे. लाकडाचेंही तसेंच. कोरड्या हवेंत सागाचीही फळी आकसते, आणि पाण्यांत भिजली कीं फुगून सांधे मिटविते. म्हणून उत्तम बांधलेली बोटही पहिल्या दिवशीं थोडें पाणी घेतेच. तें किती वेळानें थांबतें, हें पाहण्यास तिला रात्रभर पाण्यांत ठेवावी लागते.

घरांतील तरुण मंडळींनीं, "मग इंद्रायणींतच टाकून पाहूं," असें सुचविलें. आज त्या नदीवर जलपर्णी आणि फेस यांचेंच राज्य अधिक. याच नदींत तुकोबांची गाथा तरली हें खरें. परंतु त्यावरून आमच्या स्नेह्यांची बोटही तरेल, हा निष्कर्ष धाडसाचा झाला असता. शेवटीं राजपुरीसच जाऊन, सफरीपूर्वीं, माणसांवांचून चाचणी घ्यावी असें आम्हीं सांगितलें. वहिनींस तें रुचलें नाहीं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पूजा आम्हीं करायची, आणि पहिल्यांदा बसायचं कोणीं? वाळूच्या गोण्यांनीं?"

वहिनींनीं थट्टेनें म्हटलें तें आम्हीं शब्दशः उचललें. त्यांस आम्हीं दोन गोष्टींची आठवण दिली. पहिली १७ जुलै १९४७ ची. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळ्याच्या खवळलेल्या समुद्रांत एका बाजूस कलली आणि उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. कोंकणांतल्या कित्येक घरांत ती तारीख अजून विसरलेली नाहीं. भरलेल्या बोटींत माणसें घाबरून एका अंगास सरलीं म्हणजे काय होतें, हें त्या दिवसानें दाखविलें. दुसरी गोष्ट अगदीं अलीकडची. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस शंभरांवर प्रवासी घेऊन निघालेल्या 'नीलकमल' या फेरीबोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्या नौकेच्या इंजिनाची त्या वेळीं चाचणी चालली होती. म्हणजे चाचणी करणें जितकें आवश्यक, तितकेंच ती कोठें आणि कोणाच्या जवळ करावी हेंही आवश्यक. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "गोण्या किती लागतील?"

माणशीं पंचाहत्तर किलो धरिले तर आठांचे सहाशें होतात. पन्नास किलोंच्या बारा गोण्या भरल्या. दसऱ्यानंतरच्या रविवारीं आम्ही ताम्हिणी घाटानें खालीं उतरलों. बोट आदल्या सायंकाळींच पाण्यांत सोडलेली होती. पहिल्या तासाला दोन बादल्या पाणी आलें, मध्यरात्रीं अर्धी, आणि उजाडतां लोटाभरही नाहीं. सुतारास मनांतल्या मनांत नमस्कार केला. बोटींत तिघेच चढले: गांवचे एक वयस्क तांडेल, मिस्त्री आणि स्नेही. तिघांच्याही अंगांत तरंगतीं जाकिटें होतीं. ओढून आणण्यास दोर घेऊन एक मच्छीमार होडी जवळ उभी केली. जंजिऱ्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्यांची वाट आम्हीं सोडून दिली होती. आम्ही वही-पेन्सिल घेऊन कांठावर बसलों. धैर्याचा भाग दुसऱ्यांकडे देऊन हिशोबाचा आपल्याकडे ठेवणें, ही आमची जुनी खोड आहे.

वीस मिनिटें पूर्ण वेगानें जातांच इंजिन तापूं लागलें. मागल्या नळांतून थंडाव्याचें पाणी धारेनें पडावयाचें, तें थेंबथेंब पडत होतें. इंजिन बंद करून मिस्त्रींनीं तळाकडून येणारी नळी सोडविली, तों आंत कुंभारमाशीनें बांधलेलें मातीचें घर निघालें. शेडमध्यें पाणी दिलें होतें तें थेट पंपाला. या नळीची परीक्षा झालीच नव्हती! ती साफ केल्यावर पुढील तासभर कांटा जागचा हलला नाहीं. नंतर पूर्ण वेगांत असतां उलटा गिअर टाकून बोट थांबवून पाहिली. स्नेह्यांचा अंदाज बोटीच्या दोन लांब्यांचा होता, लागल्या सहा.

मग गोण्या चढल्या. बोट चार बोटें खालीं बसली, आणि तीही बेतानें चालली. तांडेल समाधानानें मान हलवूं लागले. आम्हीं कांठावरून ओरडून सांगितलें कीं, आतां सर्व गोण्या डाव्या अंगास सरकवा. मंडळींस हें विचित्र वाटलें असावें. परंतु जंजिऱ्याचा तट दिसला कीं आमच्या घरचीं पांच मुलें कोणत्या बाजूस धांवतील, हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. सातवी गोणी सरकली, बोट कलली, आणि पाण्याच्या रेषेवर वीतभर असलेली एक जागा पाण्याखालीं गेली. क्षणांत आंत पाण्याची धार लागली. जुन्या हातपंपाचें दीड इंचाचें तोंड तेथें होतें. पंप काढल्यावर कोणींतरी लांकडाचा खुंटा बसवून वरून सुरेख रंग दिला होता. रिकाम्या बोटीस तें भोंक कधींच भिजलें नसतें. तांडेलांनीं गोण्या भराभर उजवीकडे लोटल्या आणि बोट कांठाला घेतली. स्नेही उतरले ते बराच वेळ वाळूवर बसून राहिले. त्यांचीं दोन नातवंडें पहिल्या खेपेस डाव्या बाकावर बसावयाचीं होतीं.

भोंकावर आंतून सागाची फळी स्क्रूनें आंवळून बसविण्याचें काम आतां चालू आहे. माणसें आठांवरून सहांवर आणलीं, त्यांत एक तांडेल. डिझेलचा एक भाग जाण्यास, एक येण्यास आणि एक राखून, हा नियम मिस्त्रींनीं स्वतःच लिहून टांगला. नोंदणी आणि सरकारी तपासणी यांचे कागद रीतसर दाखल केले आहेत. दाखला हातीं पडेपर्यंत प्रवासी घेतां येत नाहींत, हें स्नेह्यांस आतां जाचक वाटत नाहीं. भाऊबीजेची सफर अर्थातच रहित झाली. मुलें रडलीं, चकल्या मात्र वेळेवर संपल्या.

दुसरी चाचणी पुढील महिन्यांत आहे. गोण्या राजपुरीसच एका माडाच्या वाडींत रचून ठेविल्या आहेत. प्रत्येकीवर घरांतल्या एकेकाचें नांव रंगानें लिहावें, म्हणजे कोण कोठें बसणार हें आधींच ठरेल, ही वहिनींची सूचना सर्वांस पसंत पडली. आमच्या नांवाची गोणी फाटकी निघाली, ती वहिनींनीं स्वतः शिवून दिली आहे.