दगड कुणाचे, डोंगर कुणाचा?

गेल्या दिवाळीत पुण्याचा भाचा बेळगावला आला होता. फराळ करता करता म्हणाला, "मामा, माझ्याकडे चार दगड झालेत." मुतखडा झाला की काय, म्हणून मी दचकलोच. मग खुलासा झाला. हे ‘रनिंग स्टोन’. थायलंडला जाऊन तो एक डोंगरी शर्यत धावून आला होता. फ्रान्समधल्या शामोनीच्या यूटीएमबी शर्यतीच्या सोडतीत नाव घालायचे, तर असे दगड खात्यावर जमा असावे लागतात. उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला ‘खात्यावर जमा’ हे शब्द ऐकल्यावर पुढची चौकशी केल्याशिवाय राहवत नाही.

ही शर्यत २००३ साली कॅथरिन आणि मिशेल पोलेटी या दांपत्याने सहकाऱ्यांसह सुरू केली. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताला प्रदक्षिणा. अंतर सुमारे १७० किलोमीटर, एकूण चढ जवळजवळ १० हजार मीटर. पहिल्या वर्षी सुमारे सातशे जण निघाले, हवा बिघडली आणि शर्यत पुरी केली फक्त ६७ जणांनी. आता ऑगस्टअखेरच्या त्या एका आठवड्यात लहानमोठ्या शर्यती मिळून दहा हजारांच्या आसपास लोक धावतात.

वाढ झाली याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. मला खटकले ते भागभांडवलाचे पान. २०२१ मध्ये आयर्नमन या बड्या अमेरिकी कंपनीने यूटीएमबीत भागीदारी घेतली आणि २०२२ पासून देशोदेशी ‘यूटीएमबी वर्ल्ड सिरीज’ सुरू झाली. दगड मिळतात ते फक्त याच मालिकेतल्या शर्यतींत. वीस किलोमीटरच्या गटाला एक, शंभर मैलांच्या गटाला चार. जितके दगड जास्त, तितकी सोडतीत संधी जास्त. कर्ज मागायला आलेल्याच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारायची पद्धत आमच्या धंद्यात होती, तिची आठवण झाली. गिऱ्हाईक नाही म्हणू शकत नाही, कारण कर्ज त्याला हवेच असते.

पूर्वी प्रवेशासाठी ‘आयट्रा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेचे गुण चालत. ते अनेक स्वतंत्र आयोजकांच्या शर्यतींत मिळत. अर्थात २०१३ साली आयट्रा स्थापन करण्यात पोलेटींचाच पुढाकार होता. म्हणजे तेव्हाही परीक्षक आणि शाळाचालक एकाच घरातले. आज आयट्रा वेगळी, यूटीएमबीचा निर्देशांक वेगळा. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या जोडीला आणखी तीन संघटना. धावणाऱ्याने तक्रार घेऊन नेमके कोणाच्या टेबलाशी जावे, हे भाच्यालाही सांगता आले नाही.

कॅनडातल्या व्हिसलरचे प्रकरण तर जगभर गाजले. तिथे एका स्थानिक आयोजकाची शर्यत होती. ती बंद पडली आणि २०२३ मध्ये त्याच डोंगरावर यूटीएमबीची शर्यत जाहीर झाली. संबंधितांनी आपापली बाजू मांडली, पण शंका राहिलीच. जानेवारी २०२४ मध्ये किलियन जॉर्ने आणि झॅक मिलर या नामवंत धावपटूंनी सहकाऱ्यांना पाठवलेले पत्र बाहेर आले. यूटीएमबीपासून दूर राहून दुसरे काही उभे करावे, असा त्याचा रोख होता. किराणा दुकानासमोर मॉल उभा राहिला की काय होते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

दुसरा मार्ग नाही असे नाही. अमेरिकेतली वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची शर्यत ना-नफा संस्था चालवते. वनखात्याच्या परवान्यामुळे धावणारे सुमारे ३६९ वरच थांबतात. तिथेही सोडतच आहे, पण पात्रता शर्यती वेगवेगळ्या आयोजकांच्या असतात आणि ज्याचा नंबर लागत नाही त्याची संधी वर्षागणिक वाढत जाते. थांबावे लागते, पण एकाच दुकानातून खरेदी करावी लागत नाही.

तरी मोठ्या कंपनीला सरसकट झोडपणे मला पटत नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची शर्यत चालू असताना गारा, पाऊस आणि बोचरे वारे आले. १७२ पैकी २१ जण दगावले. वारारोधक जाकीट सक्तीचे नव्हते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन वाचवले. शामोनीत सक्तीच्या सामानाची यादी असते आणि ती तपासली जाते. शिस्तीला पैसा लागतो, हे कबूल केलेच पाहिजे.

हे सारे लांबचे वाटेल, पण सिंहगड-राजगड-तोरणा या वाटेवर एसआरटी अल्ट्रा आता भरते आणि आपल्या सभासदांची मुलेही असल्या शर्यतींत नावे घालू लागली आहेत. भाच्याला मी तीनच गोष्टी विचारल्या: वाटेत डॉक्टर किती अंतरावर, शर्यत रद्द झाली तर पैसे परत का, आणि विमा कोणाच्या नावे? पहिल्याचे उत्तर त्याला तोंडपाठ होते. बाकीच्या दोहोंसाठी त्याने मोबाइल काढला, बराच वेळ बारीक अक्षरांतल्या अटी वाचल्या आणि मग म्हणाला, "मामा, चष्मा दे जरा तुझा."