पोलादपूरला उतरा

आगबोटीच्या सहलीहून परतलेली मराठी मंडळी आता आपल्या ओळखीत बरीच सापडतात. त्यांच्याकडून एक सल्ला हमखास मिळतो: अमुक बंदरात उतरू नका, तिथे काही नाही, त्यापेक्षा बोटीवरच आराम करा. रोम दाखवणारी बोट चिवितावेक्कियाच्या धक्क्याला लागते. रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. उतरलेला प्रवासी लगेच बसमध्ये बसतो आणि ज्या गावात पाय ठेवला त्या गावाकडे मान वळवूनही पाहत नाही. फ्रान्समधले ल हाव्र असेच, ‘पॅरिसचे बंदर’ एवढ्याच ओळखीचे. १९४४ च्या बॉम्बवर्षावात ते जमीनदोस्त झाले. ओग्युस्त पेरे या वास्तुकाराने ते काँक्रीटमध्ये नव्याने उभे केले आणि २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तरी प्रवासी पॅरिसची बस पकडतातच.

आपल्याकडे हीच वागणूक पोलादपूरच्या वाट्याला आली आहे. मुंबई-गोवा महामार्गावर महाड मागे टाकले की वीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचे गाव लागते. समोर कशेडी, डाव्या हाताला आंबेनळी. गोव्याला जाणाऱ्याने इथे चहा घ्यायचा, महाबळेश्वरला जाणाऱ्याने घाट लागण्यापूर्वी डिझेल भरायचे, मुलांना उलटीची गोळी द्यायची आणि निघायचे. आता महामार्ग चौपदरी झाला, कशेडीला बोगदा झाला. चहापुरते थांबण्याचीही गरज उरली नाही. ‘पोलादपूरला पाहण्यासारखं आहे काय?’ हे वाक्य आता कुणी उत्तराच्या अपेक्षेने उच्चारत नाही. निकाल लागला आहे असेच सगळे धरून चालतात. हा निकाल चुकीचा आहे, आणि तो पुराव्यानिशी खोडून काढता येतो.

पहिला आक्षेप असा की पोलादपूर हे मुळातच वाटेवरचे ठिकाण. अशा ठिकाणी माणसे येतात आणि जातात, मागे काही राहत नाही. वाटेवरचे हे खरे, आणि फार जुन्या वाटेवरचे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. घाटमाथा आणि बंदर यांना जोडणारी ही सरळ रेषा आहे. १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरला इंग्रजांचे थंड हवेचे ठाणे वसवले, तेव्हा मुंबईचे साहेबलोक समुद्रमार्गे बाणकोटला येत, खाडीने दासगाव-महाडपर्यंत चढत आणि तिथून पोलादपूरवरून पालखीने किंवा घोड्यावरून घाट गाठत. पुढे फिट्झगेराल्ड घाट झाला, तोच आजचा आंबेनळी. रेल्वे पुण्याला पोचल्यावर ही वर्दळ तिकडे वळली. म्हणजे बोटीतून उतरून पोलादपूर ओलांडणारा आणि डोक्यात फक्त महाबळेश्वर असणारा प्रवासी दोनशे वर्षे जुना आहे. आपण त्याचाच कित्ता गिरवतो. त्याला इथल्या मातीत कोण निजले आहे हे माहीत नव्हते. आपल्याला ती सबब नाही.

पोलादपूर गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. हे नेवाशाचे संस्कृत पंडित. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी ‘शिवभारत’ लिहायला घेतले. महाराजांच्या हयातीत, त्यांच्याच दरबाराशी संबंध असलेल्या माणसाने रचलेले हे चरित्रकाव्य. ते अपुरे राहिले, पण अफझलखानाच्या स्वारीविषयी आपल्याला जे तपशील माहीत आहेत त्यांत या ग्रंथाचा वाटा फार मोठा आहे. जावळीचे अरण्य, खानाचा वाईहून पारकडे उतरलेला सरंजाम, प्रतापगडाच्या पायथ्याची भेट, हे सारे समकालीन लेखणीने टिपलेले आहे. सदाशिव महादेव दिवेकरांनी भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे हा ग्रंथ १९२७ मध्ये छापून वाचकांपुढे ठेवला.

आता प्रतापगडाकडे निघालेल्या एखाद्या गाडीचा विचार करा. आत बसलेली मुले शाळेत शिकलेली आहेत: १० नोव्हेंबर १६५९, वाघनखे, बिचवा, चिलखत. गडावर जाऊन ती पुतळ्याजवळ फोटो काढतील. आणि ज्याने ती हकीकत लिहून ठेवली त्या कवीच्या समाधीवरून, गडाच्याच वाटेवर, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये निघून जाते. पराक्रम करणाऱ्याचा गड पाहायचा आणि तो पराक्रम शब्दांत सांभाळणाऱ्यासाठी पंधरा मिनिटेही काढायची नाहीत, ही आपल्या इतिहासप्रेमातली मोठी उणीव आहे. पुतळे उभारायला वर्गणी पटापट जमते. लेखकाच्या समाधीची वाट विचारावी लागते.

याच तालुक्यात उमरठ आहे. तानाजी मालुसरे आणि शेलारमामा यांच्या समाध्या तिथे आहेत, आणि तानाजींचे भाऊ सूर्याजी यांची समाधी साखर गावात. कोंढाण्यावर, म्हणजे आजच्या सिंहगडावर, फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी पडले. त्यांचा देह घाटावरून खाली कोकणात, आपल्या गावी आणला गेला. ज्या घाटाने आणला त्याला मढेघाट म्हणतात, असे या मुलखातली माणसे सांगतात. पुण्याहून सिंहगडावर रविवारी किती गर्दी असते ते आपण जाणतो. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातले दही यांच्यासाठी लोक गड चढतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण तानाजींचे घर, माती आणि अखेरची जागा सह्याद्रीच्या या बाजूला आहे, आणि तिथे बहुतेक वेळा शुकशुकाट असतो.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. तो म्हणतो, समाध्या असतील, पण पाहायला काय आहे? दृश्य काय आहे? एखादा देखावा नसेल तर थांबायचे कशाला?

याला उत्तर म्हणून दासगाव दाखवतो. मुंबईहून येताना महाडच्या अलीकडे महामार्गावरच हे गाव लागते, आणि त्याच्या कडेला सावित्रीची खाडी. खारफुटी, चिखल, होड्या, समोर डोंगर; कोकणातल्या शंभर खाड्यांसारखी एक खाडी. देखावा म्हणून इथे कुणी गाडी थांबवणार नाही. पण २५ डिसेंबर १९२७ रोजी दुपारी इथे ‘पद्मावती’ बोटीने आलेली सुमारे दोनशे माणसे उतरली, आणि त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आदल्या दिवशी ती मुंबईहून निघाली होती. धरमतरवरून येणे जास्त सोयीचे होते. तरी त्यांनी जाणूनबुजून दासगाव निवडले, कारण धरमतरहून पुढे मोटारीवर अवलंबून राहावे लागले असते आणि मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर वाटेतच अडकायची पाळी आली असती. दासगावहून महाड पाच मैल. कुणी बसू दिले नाही तरी पायांनी गाठता येईल एवढे.

हे बंदर इतक्या विचाराने निवडले गेले होते. त्याच वर्षी १९ आणि २० मार्चला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा, मुंबई विधिमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे कागदावर मंजूर केले होते. २० मार्चला बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी पुन्हा येईपर्यंत सनातन्यांनी कोर्टातून मनाई आणली होती. परिषदेला जागा कुणी देईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांची जागा मिळाली. दासगावहून ही माणसे रांगेने, घोषणा देत महाडला चालत आली. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्याचा ठराव गंगाधर सहस्रबुद्ध्यांनी मांडला, आणि ते जन्माने ब्राह्मण होते. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

दासगावला उभे राहून खाडीकडे पाहताना डोळ्यांना चिखल आणि खारफुटीच दिसते, हे मी नाकारत नाही. पण तिथून महाडपर्यंतचा तो पाच मैलांचा रस्ता ज्याला माहीत आहे, त्याने तो रस्ता ताशी ऐंशीच्या वेगाने ओलांडावा हे मला पटत नाही. चवदार तळ्यावर २० मार्चला लाखांनी लोक येतात. त्यांना कुणी ‘इथे देखावा काय आहे’ असे विचारत नाही, आणि त्यांनाही तो प्रश्न पडत नाही. उरलेले वर्षभर महामार्गावरून जाणाऱ्या आपल्यासारख्यांनाच तो पडतो. ज्यांना कोरीव काम पाहायचेच असेल त्यांच्यासाठी महाडच्या वेशीवर गांधारपाले लेणी आहेत, महामार्गावरून दिसणारी, कुमार काणभोज विष्णुपालिताच्या दानाचा ब्राह्मी लेख असलेली. गाडीतून सगळे बोट दाखवतात. पायऱ्या चढणारे थोडे.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण मनात असतो: हा भाग बातम्यांत येतो तो अपघात, पूर आणि दरडींसाठी, इथून लवकर निघालेले बरे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या पाण्यात गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली आणि तीस माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले; त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला. सूर्याजींची समाधी असलेले तेच साखर.

हे सगळे खरे आहे. मग त्यातून काय निघते? पूल पडला त्या अंधारात येणारी वाहने थांबवली ती जवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या माणसाने. आंबेनळीच्या दरीत दोर टाकून उतरले ते या डोंगरांतले गिर्यारोहक. प्रवासी म्हणून आपण या मुलखाला एक थांबा समजतो, आणि आपल्यावर वेळ येते तेव्हा इथलीच माणसे धावून येतात. या माणसांशी आपला संबंध फक्त बातमीतून यावा, हे चांगले नाही. जुलैच्या मुसळधारेत घाटात गाडी घालू नये, घाट बंद असेल तर हुज्जत घालू नये, एवढे शहाणपण पुरे. नोव्हेंबर ते मे हा मुलूख निर्धोक आहे.

आता दुसऱ्या बाजूशीही भांडण आहे. पोलादपूरचे कल्याण व्हावे म्हणून काही जण सेल्फी पॉइंट, काचेचा पूल, रंगीत कारंजी अशा कल्पना मांडतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यांनीही मूळ आक्षेप मान्यच केलेला असतो: इथे काही नाही, म्हणून काहीतरी आणून ठेवू. मला हे मंजूर नाही. इथे हवे ते वेगळेच आहे. समाधीकडे नेणाऱ्या स्पष्ट पाट्या महामार्गावर हव्यात. बायकांना न संकोचता वापरता येईल अशी स्वच्छतागृहे हवीत. उमरठला जाणारी एसटी वेळेवर सुटावी. दासगावच्या काठावर १९२७ च्या त्या दुपारची हकीकत सांगणारा मराठी फलक असावा. गावातल्या शिकलेल्या मुलांना मानधन देऊन वाटाडे म्हणून तयार करावे. नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेल्यांपैकी चार जण तरी त्यामुळे परत येतील. या गोष्टींना लागणारा पैसा एका मोठ्या पुतळ्याच्या चौथऱ्यातून निघेल.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि त्याला मी फारसा मान देत नाही. मुंबईहून महाबळेश्वरला किंवा गोव्याला निघालेला माणूस वाटेत हॉटेलात पाऊण तास बसतोच. तोच पाऊण तास पोलादपुरात कवींद्रांसाठी पुरतो. अर्धा दिवस हाताशी असेल तर उमरठ. पूर्ण दिवस असेल तर सकाळी दासगाव, मग चवदार तळे, दुपारी गांधारपाले, आणि संध्याकाळच्या आत पोलादपूर. रायगड आणि शिवथरघळ यांची घाई या दिवसात कोंबू नका. त्यांना स्वतंत्र दिवस द्या. जेवण गावातल्या खानावळीत घ्या, एप्रिल-मे असेल तर घाटाच्या तोंडाशी बायका करवंदे-जांभळे घेऊन बसतात त्यांच्याकडून ती विकत घ्या आणि घासाघीस करू नका. मुले बरोबर असतील तर निघण्यापूर्वी घरी ‘शिवभारता’च्या मराठी भाषांतरातली अफझलखानाची हकीकत त्यांना वाचून दाखवा.

आणि महामार्गावर पोलादपूरची पाटी दिसली की गाडी गावात घ्या. परमानंदांची समाधी कुठे आहे ते पहिल्या भेटेल त्या माणसाला विचारा.