बैठक असू द्या, पण पहाटेचं जाळं आधी



संध्याकाळी चार मित्र जमून बसले, दोन घोट घेतले, तर त्यात संस्थेचं काय जातं? हा प्रश्न आपल्याकडे वारंवार येतो. संस्थेनं मासळी बघावी, मत्स्यबीज बघावं, तलावाचा पट्टा बघावा. कोण कुठं बसतो ते घरच्यांनी बघावं, असं काही सभासदांचं म्हणणं आहे. म्हणणं वाईट नाही. म्हणूनच त्याचं उत्तर मोकळेपणानं द्यावं असं आम्हाला वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही कोणाला शपथ घालायला निघालेलो नाही. दिवसभर डोंग्यात वाकून कंबर धरते, हात पाण्यानं पांढरे पडतात, ऊन डोक्यावर असतं. अशा माणसाला संध्याकाळी चार माणसांत बसावंसं वाटणं साहजिक आहे. बैठकीत नुसती दारू नसते. कुठल्या कोपऱ्यात कतला लागतोय, कोणाच्या पोरीला स्थळ आलंय, कोणाचं जाळं चोरीला गेलं, ते तिथंच कळतं. मैत्री आम्हाला मोडायची नाही. आमचं बोलणं बैठकीच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांबद्दल आहे.

आपल्या मध्य प्रदेशात 1 एप्रिल 2023 पासून दारूच्या दुकानांना लागून असलेले सगळे आहाते बंद झाले. दुकानातून बाटली घ्यायची आणि घरी जायचं, असा त्यामागचा हेतू. पण घरी पोरंबाळं, म्हातारे आईबाप. मग बैठक उठली आणि शेताच्या बांधावर, पुलाखाली, तलावाच्या पाळीवर जाऊन बसली. आहात्यात निदान चार लोक आणि दिवा तरी होता. पाळीवर अंधार, साप-विंचू आणि शेजारी खोल पाणी. सकाळी तिथंच फुटलेल्या बाटल्या. त्या काचा शेवटी कोणाच्या पायात घुसतात? ओढजाळं ओढणाऱ्या आपल्याच माणसाच्या. जाळं फाटतं तेही आपलंच.

आता हिशोब बघू. विदेशी दारूची एक क्वार्टर म्हणजे 180 मिली, आणि लेबलवर अल्कोहोल 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं. माणसाचं लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम उतरवतं. रात्री दहाच्या सुमारास एक क्वार्टर पोटात गेली, तर ती पूर्ण उतरायला पहाटेचे चार ते सकाळचे सात वाजतात. लिंबू चोखा, चहा प्या, डोक्यावर गार पाणी ओता, लिव्हर आपल्या चालीनंच चालतं. आणि आपण जाळी उचलायला निघतो कधी? पहाटे चारला. "मी रात्री घेतली होती, आता काही नाही" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. पण डोंग्यात उभं राहताना तोल जातो तेव्हा कळतं.

थंडीत तर जास्तच सांभाळायला पाहिजे. दारूनं अंग गरम होतं असं आपण म्हणतो. होतं असं की कातडीखालच्या नसा रुंद होतात, रक्त वर येतं, म्हणून ऊब वाटते. पण तीच ऊब बाहेर निघून जाते आणि शरीर आतून गार पडतं. पौष महिन्याच्या पहाटे असा माणूस पाण्यात पडला तर पट्टीचा पोहणाराही लवकर थकतो. जाळ्यात पाय अडकला तर सोडवायला डोकं ठिकाणावर लागतं. पोहता येतं या भरवशावर राहू नका.

दुसरं, सीमेचं. आपल्याकडची तरुण पोरं मोटारसायकल काढतात आणि महाराष्ट्रात धारणीकडे बसायला जातात. तिकडच्या बारला परमिट रूम का म्हणतात ते कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना लागतो, म्हणून ती परमिट रूम. आपल्याकडे वयाची अट 21 आहे, तिकडे दारूसाठी 25 आणि बिअर-वाईनसाठी 21. म्हणजे बावीस वर्षांचा आपला पोरगा इकडे कायद्यात बसतो आणि तिकडे क्वार्टर घेतली की कायद्याबाहेर. बरं, परत यायचं तर रात्रीच्या अंधारात, जंगलाच्या रस्त्यानं. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. हा कायदा देशभर एकच आहे. दंड भरून तरी माणूस घरी येतो. घाटात वळण चुकलेला येत नाही.

आता विमा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराचा सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख. हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. आपल्यासारख्या घरासाठी ही रक्कम म्हणजे पोरांचं शिक्षण आणि डोक्यावरचं छप्पर. पण अपघात विम्यात नशेत झालेला अपघात सहसा धरत नाहीत. शवविच्छेदनाच्या कागदावर दारूचा उल्लेख आला की क्लेम अडकण्याची भीती असते. नवरा गेला आणि वर पैसेही गेले, अशी वेळ कोणत्या बाईवर येऊ नये. अटी काय आहेत ते एकदा घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या, आणि बायकोलाही ऐकवा.

पैशाचंही बोलू. 16 जून ते 15 ऑगस्ट आपला बंद ऋतु. त्या दिवसांसाठी बचत सह राहत योजना आहे: मच्छीमारानं वर्षात 1500 रुपये जमा करायचे, सरकार त्यात 3000 घालतं, आणि हाताला 4500 मिळतात. दर वर्षी हे 1500 भरायला काही घरांत ओढाताण होते. आता आठवड्याला एक बैठक आणि माणशी 400 रुपये धरा. वर्षाच्या 52 आठवड्यांचे 20,800 झाले. आम्ही बैठक बंद करा म्हणत नाही. चार बैठका चहावर झाल्या तरी 1600 वाचतात, म्हणजे योजनेचा हिस्सा भरून वर शंभर उरतात. सरकारचे तीन हजार आपल्या हातानं सोडायचे की घ्यायचे, तुम्हीच ठरवा.

आणि सगळ्यात महाग पडणारी बैठक कोणती माहीत आहे का? व्यापाऱ्याच्या खर्चानं झालेली. दुसरा ग्लास भरताना मासळीचा भाव ठरतो, तिसऱ्याला उचल मिळते, आणि सकाळी काट्यावर मालक गप्प उभा राहतो, कारण रात्री हो म्हणून बसलेला असतो. ज्यानं पाजली त्यानं किलोमागं पाच रुपये काढून घेतले, तर तीनशे किलोला दीड हजार गेले. इतकी महाग दारू कुठल्याच बारमध्ये मिळत नाही.

काही भगिनी म्हणतात, सरळ गावात बंदीच करा. त्यांचं दुःख आम्हाला कळतं. सकाळी टोपलं डोक्यावर घेऊन मासळी विकायची त्यांनी, आणि संध्याकाळी खिसा रिकामा बघायचा त्यांनीच. पण नुसत्या बंदीनं काम होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी झाली आणि 2021 साली उठली. 2015 सालीच मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळी हातावर पोट असलेली. स्वस्त आणि चोरून मिळालेली बाटली अशी असते. आपल्या तापी माईचं उगमस्थान मुलताई इथं 1 एप्रिल 2025 पासून दारूची दुकानं बंद आहेत, त्याचा आपल्याला आनंदच आहे. पण दुकान बंद करणं सरकारच्या हातात, सवय आवरणं आपल्या हातात.

म्हणून संस्थेच्या वतीनं चार गोष्टी सुचवतो. येत्या सभेत त्यावर सगळ्यांनी बोलावं.

एक, ज्यानं रात्री घेतली त्यानं पहाटे पाण्यात उतरायचं नाही. डोंगामालकानं त्याला किनाऱ्यावर जाळं साफ करायला, मासळी निवडायला ठेवावं. त्या दिवसाची मजुरी कापू नये. मजुरी कापली की माणूस लपवतो, आणि लपवलेलं पाण्यात महागात पडतं.

दोन, भाव आणि उचल दिवसा, काट्याजवळ, दोन सभासदांसमोर. बैठकीत झालेला सौदा संस्था मानणार नाही.

तीन, तलावाच्या पाळीवर बाटली नको. बसायचं त्यांनी दुसरीकडे बसावं आणि आपली काच आपण उचलून न्यावी.

चार, संस्थेची खोली संध्याकाळी सात ते दहा उघडी ठेवावी. कॅरम, टीव्ही, चहा. आपल्या माणसांना जमायला दुसरी जागाच नाही, हेही खरं आहे. आधी जागा देऊ, मग बोट दाखवू.

चौथ्या गोष्टीला वीजबिल आणि चहाचा खर्च येईल. तो कुठून काढायचा, हे सभेत ठरवू. विरोध असेल तर तोही सभेत येऊन सांगा, भगिनींनीही यावं. पाण्यावर पोट असलेल्या माणसाला पहाटे दोन्ही पाय ताब्यात लागतात, एवढं तरी आपण सगळे मान्य करू.

जय तापी माई.

सचिव, संस्थेच्या वतीनं