थकव्याची मुदत

रात्रपाळी करून भोसरीच्या किंवा चाकणच्या खोलीवर परतलेला कामगार थकलेला असतो, हे सांगण्यास वैद्य लागत नाही; परंतु दोन दिवस सलग झोपूनही ज्याच्या अंगात त्राण येत नाही, अल्पशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी ज्याला अंथरूण सोडवत नाही, आणि सहा महिने लोटले तरी ज्याची ही अवस्था पालटत नाही, त्याच्या दुखण्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम असे नाव आहे, हे मात्र सांगावे लागते. मुकादमाच्या हजेरीपुस्तकात त्याचा फक्त खाडा पडतो, आणि घरचेही त्याला हळूहळू आळशी समजू लागतात.

रक्ताच्या एखाद्या तपासणीत हा विकार सापडत नाही. सबब पंडुरोग, थायरॉइड, क्षय, मधुमेह आणि पाळ्यांच्या फेरबदलाने झालेला निद्रानाश ही कारणे आधी निरस्त करावी लागतात. श्रमानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सर्व लक्षणे बळावणे ही त्याची खरी खूण. अशा रोग्यास व्यायाम वाढवीत नेण्याचा उपदेश पूर्वी सर्रास होई. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2021 साली तो मागे घेतला. रामबाण औषध नाही; तुटपुंजा पगार महिनाभर पुरवावा तशी शक्ती पुरवून वापरणे आणि थकवा येण्यापूर्वीच थांबणे, एवढाच आज आधार आहे. पण यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाने थांबावे कसे?

गोव्यात संशोधक विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची जी पाहणी 2005 साली प्रसिद्ध केली, तीत सुमारे बारा टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून जुना थकवा सांगितला. त्या साऱ्यांना हाच विकार होता असे नव्हे. परंतु त्यांच्या थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी आढळला नाही, दारिद्र्याशी आणि पतीकडून होणाऱ्या अत्याचाराशी आढळला. कारखान्यात जोडणीचे काम करणाऱ्या आमच्या भगिनींच्या हाती लोहाच्या गोळ्या देऊन त्यांना वाटेस लावणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

माझी मुख्य तक्रार मुदतीविषयी आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वर्षातून 91 दिवस, वेतनाच्या 70 टक्के मिळतो; या रोगाच्या निदानास मात्र सहा महिने लागतात, म्हणजे रोगाला नाव मिळण्यापूर्वीच भत्ता संपतो. क्षयासारख्या दीर्घ रोगांसाठी दोन वर्षांपर्यंत 80 टक्के वेतनाची जी तजवीज आहे, तिच्या यादीत हा विकार नाही. विमा महामंडळाने तो तीत अंतर्भूत करावा. कारखानदारांनी वैद्यकीय दाखल्यावरून रात्रपाळीतून मुक्तता, बसून करण्याचे काम आणि अर्ध्या पाळीची मुभा द्यावी. आणि ही सवलत ठेकेदाराच्या कामगारासही लागू राहील, असे कलम ठेक्याच्या करारनाम्यातच घालावे, कारण खाडे वाढताच पहिली गदा त्याच्यावरच येते.