नाव कोणी बदलायचे?

१९४२ च्या आंदोलनात खानदेशातील जे कार्यकर्ते भूमिगत राहिले, त्यांच्यापुढचा रोजचा पहिला प्रश्न आपल्या मागावर कोण आहे हा असे. गुप्त पोलिसांचे खाते तोवर चांगले मुरलेले होते आणि भारत संरक्षण नियमांनी सरकारला कोणालाही चौकशीविना डांबण्याची मुभा दिली होती. अमळनेरच्या शाळेत ज्यांनी मुले घडविली, ते साने गुरुजीही त्या काळात भूमिगत झाले आणि १९४३ साली पकडले गेले. एस. एम. जोशींनी मौलवीचा वेश घेऊन इमाम अली या नावाने दिवस काढले. भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर यांसारख्या स्टेशनांवर उतरणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाकडे त्या दिवसांत संशयाने पाहिले जाणे साहजिकच होते.

पाळत चुकविण्याची तेव्हाची विद्या फार गूढ नव्हती. एका ठिकाणी फार दिवस मुक्काम करू नये, एका कार्यकर्त्याला दुसऱ्याचा ठावठिकाणा ठाऊक नसावा, तोच चेहरा दोन निरनिराळ्या गावी दिसला तर त्याला योगायोग समजू नये, एवढेच तिचे सूत्र. परंतु या सावधगिरीने भूमिगत वाचले, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. १४ एप्रिल १९४४ रोजी तत्कालीन पश्चिम खानदेशातील चिमठाणे गावाजवळ सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी ताब्यात घेतला. त्यात डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासारखे खानदेशचे कार्यकर्ते होते, तसेच साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी हेही होते. कृष्णाकाठची बोली बोलणारी माणसे तापीच्या खोऱ्यात येतात आणि सरकारला त्याचा सुगावा लागत नाही, हे केवळ वेशांतराने साधत नसते. ज्यांच्या ओसरीवर भाकरी मिळाली त्यांनी तोंड उघडले नाही, म्हणून ते साधले. पाळतीवरचा खरा उपाय लोकांचे मौन हा होता.

या उपायाची किंमतही लोकांनीच मोजली. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस शीख वेशात देशभर हिंडत राहिले आणि १० जून १९७६ रोजी कलकत्त्यास पकडले गेले. तत्पूर्वी त्यांचा पत्ता काढण्यासाठी त्यांचे बंधू लॉरेन्स यांचा पोलीस कोठडीत अमानुष छळ झाला. त्यांच्या सहकारी स्नेहलता रेड्डी यांची प्रकृती तुरुंगात ढासळली आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, २० जानेवारी १९७७ रोजी, त्यांचे निधन झाले. पाळत एकावर असते, पण तिचा जाच त्याच्या घरच्यांना, मित्रांना आणि आश्रय देणाऱ्यांना भोगावा लागतो.

परकी सत्तेपुढे किंवा हुकूमशाहीपुढे नाव बदलणे, हा पाठलाग होणाऱ्याचा धर्म ठरला. प्रजासत्ताकात मात्र न्याय उलटा असला पाहिजे. येथे नागरिकाने उघडपणे वावरावे, आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याने आपले नाव, अधिकार व कारण सांगून उत्तर देण्यास बांधलेले असावे. आज घडते आहे ते काय, हे पाहण्यासाठी खानदेशातीलच एका अलीकडच्या प्रकरणाकडे वळू.

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे यांच्या राजकारणाविषयी वाचकांचे मत काहीही असो. २०१९ साली त्यांचा दूरध्वनी साठाहून अधिक दिवस चोरून ऐकला गेला, असा आरोप करणारा गुन्हा मार्च २०२२ मध्ये मुंबईत कुलाबा पोलिसांनी नोंदविला. संजय राऊत यांच्या दूरध्वनीविषयीही त्यात तसाच आरोप होता. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यातही एक गुन्हा नोंदला गेला होता. नाना पटोले यांचा क्रमांक 'अमजद खान' या नावाने आणि अमली पदार्थांच्या व्यवहाराचे निमित्त सांगून ऐकला गेला, असे त्या प्रकरणात पुढे आले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे दोन्ही गुन्हे रद्द केले. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनीच तपास बंद करण्याचा अहवाल दिला होता, तर मुंबईच्या प्रकरणात खटल्यास लागणारी मंजुरी मिळाली नव्हती. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने कोणीही दोषी नाही, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. परंतु त्याबरोबर हेही नमूद केले पाहिजे की, खरे काय घडले याची साक्षीपुराव्यानिशी उघड न्यायालयात तपासणी कधी झालीच नाही.

आरोपातील खोट्या नावाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण सगळी मेख तेथेच आहे. दूरध्वनी ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्याने दिला. त्या अधिकाराला शिस्त लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी, पी.यू.सी.एल.च्या याचिकेवर, गृहसचिवाच्या लेखी आदेशाची आणि तो तपासणाऱ्या समितीची अट घातली. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालील २०२४ चे नियम आले आहेत, पण सांगाडा तोच आहे. मागणारा अधिकारी, मंजुरी देणारा अधिकारी आणि तपासणारेही अधिकारीच. न्यायाधीश या साखळीत कोठेही नाही. एक आदेश ६० दिवस चालतो आणि तो वाढवीत १८० दिवसांपर्यंत नेता येतो. अशा व्यवस्थेत आपण कोणावर नजर ठेवण्यास संमती देत आहोत, हे सही करणाऱ्याला कळणे एवढाच काय तो अटकाव उरतो. कागदावरचे नाव बदलले, की तोही संपला.

आणि नाव कोणते घातले गेले, याचाही विचार करावा. लोकप्रतिनिधीच्या जागी अमजद खान नावाचा कोणी इसम दाखविला आणि अमली पदार्थांचा उल्लेख केला, की मंजुरी देणाऱ्याच्या मनात शंका येणार नाही, हा हिशेब त्यामागे असल्यास तो आपल्या समाजाविषयी फार काही सांगून जातो. एस. एम. जोशींनी मुसलमानी नाव घेतले, ते त्या नावाच्या आडोशाला सुरक्षित वाटले म्हणून. आता तसलेच नाव संशय सोपा करण्यासाठी वापरले जाते, असा आरोप आहे. काही माणसांवर संशय घेण्यास पुरावा लागतच नाही, ही समजूत ब्रिटिशांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पक्की केली. जन्माने गुन्हेगार ठरविलेल्या या जमातींना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये गेला, पण नजर गेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ठेचून मारले. ती अफवा दूरध्वनीच्या पडद्यावरून पसरली होती. पाळतीची सवय सरकारी कचेरीत राहत नाही, ती पाड्यापर्यंत झिरपते.

यावर कोणी म्हणेल, ज्याचे मन स्वच्छ आहे त्याने भ्यावे कशाला? चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील आदिवासी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करतात तेव्हा आपले नाव, गाव, पाडा आणि कसत असलेली जमीन सारे उघडपणे लिहून देतात. त्यांच्याजवळ लपविण्यासारखे काहीच नाही. पण त्यांच्या सभेला कोण येते, त्यांचा वकील कोणाशी बोलतो, त्यांना मदत करणारी शिक्षिका रात्री कोणाला दूरध्वनी करते, हे कोणीतरी टिपून घेत असल्याची नुसती कुजबुज झाली, तरी पुढच्या सभेला येणारी माणसे कमी होतील. पाळतीला अटक करावी लागत नाही, भीती पुरते. म्हणूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला.

व्यक्तीच्या चातुर्याने हा प्रश्न आता सुटणारा नाही. १९४२ मध्ये मागावरचा माणूस दिसत तरी होता. आजचा कान दिसत नाही आणि त्याचा आवाजही येत नाही. खिशातला दूरध्वनी ज्या मनोऱ्याशी जोडला जातो, त्यावरून धनी कोठे आहे हे कंपनीला आपोआप समजते. पेगासस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नेमलेल्या समितीला तपासलेल्या २९ दूरध्वनींपैकी पाचांत घातक प्रणाली सापडली. ती पेगाससच होती असे सिद्ध झाले नाही, मात्र केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितले गेले. दूरध्वनी घरी ठेवून बैठकीस जाणे, त्यातील प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करणे, अनोळखी दुव्याला हात न लावणे ही काळजी कार्यकर्त्यांनी जरूर घ्यावी. पण जिला शेतमालाच्या भावापासून मुलाच्या परीक्षेपर्यंत सर्व काही त्याच यंत्रावर पाहावे लागते, त्या बाईला भूमिगतांची विद्या शिकविणे हा उपाय नव्हे.

उपाय कायद्यात हवा, आणि तो मागण्यासाठी संघटित लोक हवेत. पाळतीचा आदेश न्यायाधीशाने द्यावा. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याची ओळख अर्जदाराने शपथेवर सांगावी, आणि ती खोटी निघाल्यास त्याच्यावरील खटल्यास सरकारी मंजुरीची आडकाठी नसावी. पाळत संपल्यावर संबंधित नागरिकाला ठराविक मुदतीत कळवावे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात ही मुदत साधारणतः ९० दिवसांची आहे. आपल्याकडे ऐकलेल्या संभाषणाच्या नोंदी सहा महिन्यांत नष्ट करण्याचा नियम आहे. वरकरणी तो नागरिकाच्या हिताचा दिसतो, पण ज्याला काही कळविलेच गेले नाही त्याच्या बाबतीत तो अन्यायाचा पुरावा पुसून टाकतो. म्हणून आधी कळवावे, मग नष्ट करावे. वर्षभरात असे आदेश किती निघाले, ही संख्या विधिमंडळासमोर ठेवली जावी.

१९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्यास सांगितले होते. सर्वांनी ते मानले नाही, आणि त्यांची कारणेही खोटी नव्हती. आज त्या सल्ल्याचा रोख राज्यसंस्थेकडे वळविण्याची वेळ आली आहे. स्वतंत्र देशातील नागरिक आपल्या खऱ्या नावाने जगतो आहे. भूमिगत झाली आहे ती पाळत. तिनेच आता प्रकट व्हावे.